लॅकी डुथी डावीकडेच खेळला

लॅकी डुथीच्या पायांबद्दल या गावात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, त्याच्या बायकोलासुद्धा नाही. सत्तावीस वर्षं मी गार्व्ही फुटबॉल क्लबची बादली आणि स्पंज सांभाळतोय. मैदानात माणूस पडला की मी धावतो, गार पाणी मारतो आणि ‘ऊठ’ म्हणतो. पडणाऱ्यांतले निम्मे नाटकी असतात, हे मी शपथेवर सांगतो. लॅकीने कधी नाटक केलं नाही. त्याच्या डाव्या घोट्यात दोन स्क्रू आहेत, उजव्या नडगीवर बोट मावेल एवढी खाच आहे, आणि उंची पाच फूट पाच इंच. तीही बूट घातल्यावर.

त्याची आई नेटा मासळीला धुरी देणाऱ्या कारखान्यात हॅडक मासे साफ करायची. घर बंदराच्या भिंतीला लागून. भरती आली की भिंत आणि पाणी यांच्यामध्ये जेमतेम तीन पावलं वाळू उरायची, आणि हा तेवढ्यातच चेंडू पुढे न्यायचा. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला उत्तर समुद्र. असा माणूस कडेच्या रेषेवरून पळणारा विंगर होणार नाही तर काय पाद्री होणार?

सतराव्या वर्षी ग्लासगोच्या एका बड्या क्लबाने त्याला बोलावलं. गावाने मेजवानी केली, नेटा रडली. दोन वर्षांनी तो बसमधून उतरला तेव्हा खांद्यावर तीच बॅग होती. मी विचारलं, “काय रे, काय झालं?”

“मध्ये खेळ म्हणाले.”

“मग?”

“मध्ये फार गर्दी असते, एबी.”

संपलं. बड्या क्लबाला एवढंच कारण देऊन आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. लोक म्हणाले, माज आहे. होताच. पण माज करायलाही अंगात काहीतरी असावं लागतं.

तेव्हापासून तो आमच्याकडे. मध्ये एक हिवाळा इंग्लंडात जाऊन आला, तिथून घोटा मोडून परतला. डॉक्टर म्हणाले, चालता आलं तरी नशीब समज. आठ महिन्यांत तो डावीकडच्या रेषेवर उभा होता. आमच्या क्लबात पोटापाण्याचं काम वेगळं करावं लागतं. लॅकी घरांच्या छपरांवर दगडी पाट्या बसवायचा, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव करायचा आणि शनिवारी खेळायचा. या काळात नऊ मॅनेजर आले नि गेले. प्रत्येकाला वाटलं, याला जरा आत आणावं, जरा मागे ढकलावं. लॅकी ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि शनिवारी पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहायचा.

आमच्या मैदानाची एक गोष्ट आहे. डावीकडची रेषा आणि प्रेक्षकांचा कठडा यांत हातभर अंतर. गोलरक्षकाला शिव्या ऐकू येत नाहीत, पण विंगरला प्रत्येक शब्द नावानिशी पोचतो. तिथे बेला कारगिल बसते. वय सत्तर, गुडघ्यावर घोंगडी, हातात चहाचा थर्मास. सतरा वर्षं तिने लॅकीला शिव्या घातल्या आणि सतरा वर्षं त्याने उलट उत्तरं दिली. आमच्याकडे ज्याच्यावर जीव असतो त्यालाच शिव्या मिळतात. परक्यासाठी टाळ्या असतात.

मग दहावा मॅनेजर आला. स्ट्रूअन मीकल. वय तेहतीस, म्हणजे लॅकीपेक्षा तीन वर्षांनी लहान. माणूस वाईट नाही, हुशारही आहे, पण पुस्तकात जे नाही ते मैदानात दिसलं तरी त्याला दिसत नाही. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, “माझ्या रचनेत विंगर नाहीत. तू डावा बचावपटू म्हणून खेळ.”

“मग तुमची रचना चुकलीय, साहेब,” लॅकी म्हणाला.

पुढचे आठ महिने लॅकी बहुतेक वेळ माझ्या शेजारी बाकावर होता. एप्रिलमध्ये मीकलने सांगून टाकलं की पुढच्या मोसमाचा करार नाही.

आता, इतकी वर्षं एका क्लबात काढलेल्या माणसाला आमच्याकडे मानाचा सामना देतात. बाहेरचा एखादा मोठा संघ मेहेरबानी म्हणून येतो. कोणी कोणाला जोरात भिडत नाही. सत्कारमूर्तीला एक गोल करू देतात. मग सत्तराव्या मिनिटाला त्याच्या नंबरची पाटी वर होते, दोन्ही संघ दोन रांगा करून टाळ्या वाजवतात आणि तो मधून चालत बाहेर जातो. बायका डोळे पुसतात. पद्धत चांगली आहे. फक्त ती संपलेल्या माणसासाठी आहे.

ही बातमी घेऊन क्लबचे अध्यक्ष ऑक्टरलोनी स्वतः लॅकीच्या कामावर गेले. बरोबर मीकल आणि मी. ऑक्टरलोनींचा धंदा अंत्यविधीचा. गावातली अर्धी माणसं त्यांनीच पोचवली आहेत. लॅकी छपरावर होता. काळा कोट बघून वरूनच ओरडला, “माप घ्यायला आलात की काय?”

ऑक्टरलोनी हसले. मानाच्या सामन्याचं सांगितलं. लॅकी शिडीवरून उतरला, हात पुसले.

“एका अटीवर. तुम्ही त्याला मान म्हणा, मी परीक्षा म्हणतो. त्या दिवशी मी खरंच चाललो तर आणखी एक मोसम. डावीकडे.”

मीकलने खांदे उडवले. मानाच्या सामन्यात कोण खरं खेळतं? “ठीक आहे,” तो म्हणाला. हे दोन शब्द मी आणि अध्यक्षांनी, दोघांनीही ऐकले.

मेमधला रविवार. समोर एका बड्या क्लबाची तरुण पोरं. लॅकीच्या समोरचा बचावपटू ब्रॉडी टेनंट, वीस वर्षांचा, सहा फूट, दिवसभर फुटबॉलशिवाय दुसरं काम नाही. लॅकीला पहिला पास मिळाला. तो पुढे निघाला आणि ब्रॉडी अदबीने बाजूला झाला. मैदान टाळ्यांनी भरलं.

लॅकी थांबला. चेंडूवर पाय ठेवला, मागे वळला आणि चेंडू पुन्हा त्या पोरासमोर आणून ठेवला.

“बाळा, दार उघडून धरायला तू हॉटेलात नोकरीला आहेस का?”

“मला सांगितलंय की तुम्हाला जाऊ द्यायचं,” पोरगा गोंधळून म्हणाला.

“आता मी सांगतो. चेंडू काढून घे. जमत नसेल तर घरी जाऊन आईला सांग, छत्तीस वर्षांच्या म्हाताऱ्याला घाबरलो.”

पोराचे कान लाल झाले. त्यानंतर त्याने लॅकीला जे धुतलं, ते बघवत नव्हतं. पहिल्यांदा चेंडू काढला. दुसऱ्यांदा काढला. तिसऱ्यांदा असा खांदा दिला की लॅकी कठड्यावर जाऊन आदळला. मी बादली घेऊन धावलो. घोटा सुजायला लागला होता. खोटं कशाला बोलू? वाटलं, हा खरंच संपलाय आणि ते सगळ्या गावासमोर होतंय.

“बस कर, पोरा,” मी म्हटलं. “कोणी काही बोलणार नाही.”

“तेच तर,” तो दात आवळून म्हणाला. “बेला टाळ्या वाजवतेय, एबी. मी मेलो की काय? पाणी मार आणि तोंड बंद ठेव.”

तो उठला. चौथ्यांदा गेला आणि चौथ्यांदा चेंडू गमावला. तेव्हा मात्र बेलाचा संयम सुटला. घोंगडी फेकून ती उभी राहिली.

“डुथी! अरे मेल्या! माझी सासू थडग्यातून उठून तुझ्यापुढे पळेल!”

“तिला बूट आणून दे, घेतो संघात!” लॅकी ओरडला. इतका आनंदलेला चेहरा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

त्यानंतर कठड्यावरच्या टाळ्या बंद झाल्या आणि शिव्या सुरू झाल्या. मैदान मैदानासारखं वाटायला लागलं.

सत्तरावं मिनिट आलं. पाटी धरायचं काम माझं. मीकलने बोट वर केलं आणि मी लॅकीचा अकरा नंबर वर धरला. चूक माझी होती, कबूल करतो. चेंडू बाहेर जाईपर्यंत थांबायला हवं होतं, पण असल्या सामन्यात तेवढं कोण बघतं? पाटी दिसताच सगळे खेळाडू खेळ टाकून मध्यरेषेकडे निघाले आणि दोन रांगा करायला लागले. आमचेही आणि त्यांचेही. त्यांच्या गोलरक्षकानेही हातमोजे काढले.

चेंडू लॅकीच्या पायात होता. त्याने पाटीकडे पाहिलं. मग ब्रॉडीकडे पाहिलं. तो एकटाच जागचा हलला नव्हता.

“येतोस?” लॅकी म्हणाला.

“या,” पोरगा म्हणाला.

वारा समोरून, समुद्रावरून येत होता. बाहेरची माणसं वारा पाठीशी मागतात आणि त्यांचे चेंडू मैदानाबाहेर उडून जातात. लॅकीला वारा तोंडावरच हवा असायचा. त्याने आत जायचा झोक दिला, पोराचं वजन डाव्या पायावर गेलं, आणि चेंडू बाहेरून, रेषा आणि त्याच्या उजव्या पायाच्या मधल्या वीतभर जागेतून निघाला. ब्रॉडीने अंग झोकून दिलं, जीव तोडून. मी दहा पावलांवर होतो. त्यात दयामाया नव्हती. पाय पोचला नाही. लॅकी पुढे गेला होता. टोकाच्या रेषेवरून त्याने डाव्या पायाने चेंडू उचलला. वाऱ्याने तो अडवला आणि गोलपासून सहा पावलांवर अलगद खाली सोडला, कपाळाने नुसता स्पर्श केला तरी पुरेल असा.

तिथे कोणी नव्हतं.

आमचा आघाडीचा गॉर्डी मिल रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. चेंडू एकदा उसळला, दुसऱ्यांदा उसळला आणि पलीकडून बाहेर गेला.

“टाळ्या वाजवायला हात आहेत,” लॅकी गरजला, “धावायला पाय नाहीत का रे तुम्हाला?”

आणि मग बाकाकडून दुसरा आवाज आला. मीकल रेषेपर्यंत धावला होता, मानेच्या शिरा ताणून गॉर्डीवर ओरडत होता. “तिथे! तिथेच येणार होता तो! आंधळा आहेस का? तिथे कोण जाणार, मी?” ओरडता ओरडता तो मध्येच थांबला. आपण कुणाच्या बाजूने बोललो हे त्याला बहुतेक तेव्हा कळलं. मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, “पाटी धर, एबी. लोक उभे आहेत.”

मी पाटी गवतावर पालथी टाकली आणि तिच्यावर भरलेली बादली ठेवली.

“हात दुखतोय,” मी म्हटलं.

“कधीपासून?”

“आत्तापासून.”

सत्तावीस वर्षांत मी कुठल्या मॅनेजरला उलट बोललो नव्हतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि जाऊन बाकावर बसला. रांगा ओशाळून मोडल्या. गोलरक्षकाने पुन्हा मोजे चढवले.

उरलेली वीस मिनिटं खरी झाली. लॅकी आणखी दोनदा ब्रॉडीच्या बाहेरून गेला, तीनदा पकडला गेला. गॉर्डी यावेळी धावला, पण त्याने डोकं मारलेला चेंडू गोलावरून गेला. सामना आम्ही दोन-शून्यने हरलो. मानाच्या सामन्यात सत्कारमूर्तीचा संघ हरल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

शिट्टी झाल्यावर ऑक्टरलोनी भेट घेऊन मैदानात आले. सुंदर घड्याळ, लाकडी पेटीत, खाली पितळी पट्टी. लॅकीने ते चिखलाच्या हातांत घेतलं आणि मोठ्याने वाचलं.

“लॅक्लन डुथी. गार्व्ही. दोन हजार दोन ते दोन हजार एकोणीस.”

मग त्याने घड्याळ अध्यक्षांच्या हातात परत ठेवलं.

“शेवटचं साल चुकलंय. खोडून आणा.”

ऑक्टरलोनींनी मीकलकडे पाहिलं. मीही पाहिलं. कठड्यापाशी बेला थर्मास घट्ट धरून उभी होती. मीकलने बराच वेळ गवतात बूट घासला.

“मंगळवारी साडेसहाला सराव,” तो शेवटी म्हणाला. “डावीकडेच. पण चेंडू गमावलास की मागे धावायचं. कळलं?”

“बघू,” लॅकी म्हणाला.