साठेकाकांचा डबा आणि तीन वेबसाइटी

आमच्या चौघांच्या टोळीचे किस्से इतके साठलेत की एक सांगायला घेतला की दुसरा मध्ये घुसतो. परवा भाचीच्या साखरपुड्यात सुरुवात केली, तर व्याही जेवण सोडून ऐकत बसले!

आधी खेळ सांगते. कुठेतरी एक डबा लपवायचा. आत एक वही. डब्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. अनोळखी लोक जीपीएस घेऊन शोधत येतात, वहीत सही करतात आणि साइटवर 'सापडला' लिहितात. बस! पैसा नाही, बक्षीस नाही. माझ्या नवऱ्याच्या मते अक्कलही नाही.

टोळीत मी नोएडाची, गुडगावात आयटीत असलेली शबाना मुजावर, गाझियाबादच्या कारखान्यातले सॅम्युएल गायकवाड आणि आमचे म्होरके, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधले, सर्वेक्षण खात्यात नोकरी करणारे साठेकाका.

*

काकांनी आयुष्यात एकच डबा लपवला. पानिपतच्या बाहेर, एका पडक्या विहिरीच्या कठड्यात. आम्ही तिघं सोबत होतो, त्यामुळे आमच्या सह्या धरायच्या नाहीत असा त्यांचा नियम. कुणीतरी परक्यानं तिथवर यावं आणि नाव लिहून जावं, एवढीच त्यांची इच्छा.

मोठ्या साइटवाल्यांनी विचारलं, जागेची परवानगी आहे का? काकांनी रीतसर अर्ज केला. अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरला आणि दोन महिन्यांनी अभिप्रायासाठी एका टेबलावर आला. टेबल काकांचंच!

"मग काय लिहिलंत?" मी विचारलं.

"काय लिहिणार? 'नियमांत तरतूद नाही.' सही करून परत पाठवला."

"काका, स्वतःचाच अर्ज?"

"म्हणून काय झालं? तरतूद नाही तर नाही!"

शेवटी डबा एका छोट्या साइटवर लागला. तिथे कुणी काही विचारत नसे. काका रोज सकाळी चहाच्या आधी ते पान उघडून बघत. कधीमधी कुणाचं 'सापडला नाही' असायचं, 'सापडला' कधीच नाही. लोक नीट शोधत नाहीत, म्हणायचे.

*

शबानानं आपला डबा गुडगावातल्या मोकळ्या प्लॉटवर, एका कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या झाडाखाली पुरला होता. मग ती बाळंतपणाला कोल्हापूरला गेली आणि बाळाच्या गडबडीत दोन वर्षं प्लॉटकडे फिरकलीच नाही. एक दिवस जाऊन बघते तो जागेवर मॉल! बाई हट्टी. जीपीएस हातात धरून थेट पार्किंगमध्ये उतरली.

गार्ड धावत आला. "मैडम, गाड़ी ढूँढ रही हैं?"

"नहीं भैया, पेड़."

गार्डनं बिचाऱ्यानं खरंच विचार केला. "पेड़ तो... फूड कोर्ट में है. पर प्लास्टिक का है."

*

गायकवाडांची गोष्ट वेगळी. तोवर साइटी तीन झाल्या होत्या. मोठी नियमवाली, छोटी बिननियमाची आणि तिसरी दोघींवर रुसून निघालेल्या लोकांची. कुणाचंच मन मोडू नये म्हणून गायकवाडांनी एकच डबा तिन्हींवर लावला आणि आत तीन वह्या ठेवल्या. लाल, निळी, हिरवी.

एका कॉलेजकुमारानं चुकून तिन्ही वह्यांत सही केली. झालं! तिन्ही साइटींचे लोक गायकवाडांना मेल करू लागले, हा पोरगा नक्की आमचा की त्यांचा? महिनाभर पत्रव्यवहार चालला.

शेवटी गायकवाडांनी तिघांना एकच उत्तर पाठवलं. "मुलगा मेरठचा आहे. त्याच्या आईला विचारा!"

*

मग फोनमध्येच जीपीएस आलं. मेट्रोच्या आसपास डबा ठेवायची सोय उरली नाही, बेवारस वस्तू म्हटलं की लोक पळत सुटत. नव्या पोरांनी डबेच बंद केले. जागेवर जायचं, फोटो काढायचा, अपलोड करायचा.

काकांना हे बिल्कुल पटलं नाही. "यार, फोटो तर लग्नात पण काढतात. नाव लिहायला हात लागतो!"

*

आणि एक दिवस छोट्या साइटनं कळवलं की महिनाअखेर आम्ही बंद होतोय. काकांचा चेहरा बघवत नव्हता. "एक सही पडली असती तर चाललं असतं गं," एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

आठवण म्हणून शबाना त्या पानाची प्रिंट काढायला बसली. शेजारी काकांची डायरी होती, विहिरीचे आकडे लिहिलेली. आकडे बघता बघता ती थांबली. काकांनी जन्मभर ऑफिसात अंश, मिनिटं, सेकंद लिहिले. साइटला सेकंद नको होते, मिनिटाचे दशांश हवे होते. काकांनी सेकंदच टाकले होते! इतकी वर्षं साइट लोकांना विहिरीपासून अर्धा किलोमीटर लांब पाठवत होती. खाली अकरा जणांनी 'सापडला नाही' लिहिलेलं. एकानं तर 'डबा नाही, पण माणसं छान.'

काकांनी डायरी मिटली. मग म्हणाले, "रविवारी जाऊ. बिचाऱ्यांना कुठे पाठवलं ते तरी बघू."

आकड्यांच्या जागी म्हशींचा गोठा होता. आम्हाला चौघांना बघून मालक हसतच उठला.

"आओ जी! डिब्बा ढूँढण आए हो?"

आम्ही गार. त्यानं कोनाड्यातून तुपाचा डबा काढला. आत शाळेची वही.

"पहले दो-तीन जणे खाली हाथ चले गए," तो म्हणाला. "इतनी दूर तै आवैं, माणस खाली जावै, मन्नै बुरा लाग्या. एक नै खेल समझाया. तो जो गए थे उनके नाम मन्नै याद कर कै लिख दिए, अर डिब्बा धर दिया. बाकी सब खुद लिख कै गए. कहवैं थे, यो असली डिब्बा तो ना है, फेर भी."

काकांनी वही उघडली आणि एकेका नावावर बोट ठेवत वाचलं. चंदीगडचे विद्यार्थी, कुणी परदेशी, पुण्याचं एक जोडपं. अकरा नावं. वाचता वाचता त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

मालकानं पेन पुढे केलं. "ताऊ, थम भी लिखो."

काकांनी बाराव्या ओळीवर नाव लिहिलं, खाली सही केली.

"पर एक बात बताओ," मालक म्हणाला, "वो असली डिब्बा था किसका? सब योए पूछैं थे."

काकांनी पेनाचं टोपण लावलं.

"आप ही का था जी."