रव्याएवढी कॉफी

मोशीच्या यशोदाबाईंची सून दिपाली सकाळी काही न घेताच चाकणच्या कंपनीच्या बसला पळायची. चहा तिला सोसत नव्हता, आणि पुडीतली झटपट कॉफी आवडत नव्हती. "कंपनीत पिते, आई," म्हणत चपला घालायची. लेक शिफ्टला गेलेला, घरात दोघीच बाया. निदान सकाळी घटकाभर तरी समोरासमोर बसावं, एवढंच यशोदाबाईंचं मागणं.

म्हणून त्यांनी लेकाकडून गॅसवर कॉफी करायचं स्वस्तातलं भांडं, मोका पॉट, आणि कॉफीच्या बिया मागवल्या. बिया खलबत्त्यात मिरचीसारख्या कुटल्या, पार मैदा केला. खाली पाणी, मधे पूड दाबून, आणि गॅस मोठा. भांडं नुसतंच फुरफुरलं, वर आलं ते चार थेंब काळं कडू पाणी.

"आई, हा काढा कुणासाठी?" दिपाली हसत निघाली.

"पळ बाई, बस चुकायची," यशोदाबाई म्हणाल्या. पण एवढ्यात हात टेकतील तर त्या यशोदाबाई कसल्या!

दुसऱ्या दिवशी त्यांनी पूड रव्याएवढी ठेवली आणि दाबली नाही. खाली गरम पाणी घातलं, गॅस बारीक केला, आणि भांडं गुरगुरताच उतरवलं. कॉफीत दूध ओतून कप पुढं केला.

दिपालीनं एक चप्पल घातली होती. उभ्यानंच घोट घेतला, मग चप्पल काढून खुर्ची ओढली.

"तुमचा कप कुठंय, आई?"

"मला नको गं असलं जळकं," यशोदाबाईंनी स्वतःचा चहा बशीत ओतला. "तू पी सावकाश. मी बसते."