प्युरिटन बाईच्या शेवटच्या दोन ओळी

तेवीस वर्षं मी ती कविता चुकीची शिकवली असं म्हटलं तर जरा नाटकी होईल. चुकीची नव्हती, नोट्स काढून शिकवली. आमच्याकडे इंग्रजी साहित्य असंच शिकवतात. मॅडम सांगतात, मुलं उतरवून घेतात, आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या नोट्सची एक मूळ प्रत कायमची पडून असते. माझ्या अक्षरातली ती प्रत आता इतकी फिकट झाली आहे की मुलं अंदाजाने वाचतात. मागच्या वर्षी एका मुलीने सांगितलं, तिच्या आईनेही याच नोट्सवर बी.ए. केलं. तिला वाटलं मला आनंद होईल.

कॉलेज कल्याणला, घर डोंबिवलीत. तिसऱ्या वर्षाला अमेरिकन साहित्याचा पेपर असतो, आणि त्यात सुरुवातीलाच प्युरिटन लोक येतात. सतराव्या शतकात इंग्लंड सोडून समुद्रापलीकडे जाऊन राहिलेले कडक सोवळ्यातले ख्रिस्ती. सोवळं कपड्यांचं नाही, मनाचं. चर्चमध्ये मूर्ती नको, चित्र नको, सणवारांचं कौतुक नको. घडतं ते सगळं देवाच्या हातून, शेत पिकलं तरी आणि मूल गेलं तरी. शिवाय या जगातल्या कशावरही फार जीव लावायचा नाही, नाहीतर तो ते काढून घेतो आणि आपल्याला धडा शिकवतो. एवढं सांगितलं की मुलं वहीत तीन मुद्दे घालायची आणि मी कवितेकडे वळायचे.

कविता एका बाईची आहे, बावीस ओळींची. तिचा वाढत्या वयाचा मुलगा तापाने गेला. वीस ओळींत ती फक्त त्याच्याविषयी बोलते. शेळ्यांना तो कशा हाका मारायचा, पेज निवेपर्यंत धीर नसल्यामुळे रोज तोंड कसं पोळून घ्यायचा, थंडीत शेगडीच्या कुठल्या बाजूला बसायचा. आणि शेवटच्या दोन ओळींत एकदम पदर सावरून उभी राहिल्यासारखी म्हणते की तू दिलास, तूच नेलास, का ते मी विचारणार नाही. माझ्या नोट्समध्ये इथे लिहिलेलं आहे, ‘शेवटी श्रद्धेचा दुःखावर विजय.’ खाली दोन रेघा. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुलं हा विजय न चुकता लिहितात.

फेब्रुवारीत माझा नवरा आजारी पडला. खोकला म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला आणि घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलात अकरा दिवस तो आयसीयूत होता. मी सकाळी डोंबिवलीहून निघायचे, दिवसभर त्या गार कॉरिडॉरमध्ये बसायचे, दोनदा पाच-पाच मिनिटं आत जायचे आणि परत यायचे. बाराव्या दिवशी सकाळी तो गेला. याच्याविषयी मला जास्त लिहिता येत नाही.

लिहायचं आहे ते माझ्या सासूबाईंनी काय केलं त्याविषयी. ऐंशीला टेकलेल्या आहेत त्या, लग्न झाल्यापासून मी त्यांच्याचबरोबर राहते. मुलाला हॉस्पिटलात नेल्याच्या संध्याकाळी त्यांनी देव पाण्यात घातले. आता मराठीत हे नुसतं बोलण्यापुरतं उरलंय. क्रिकेटची मॅच असली, निवडणुकीचा निकाल असला की लोक देव पाण्यात घालून बसतात म्हणे. आमच्या घरात ते खरोखर घडलं. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती आणि कुलदेवीचा टाक, सगळे उचलून त्यांनी तांब्याच्या पातेल्यात ठेवले आणि वर पाणी ओतलं. काम होईपर्यंत देवांनी बुडून राहायचं. मागण्याची ही आपली जुनी, हट्टी पद्धत आहे.

मला तेव्हा त्याची लाज वाटली होती. शिकलेलं घर, चार बुकं जास्तच शिकलेली सून. “आई, डॉक्टर बघतायत ना,” मी चिडून म्हटलं. त्या म्हणाल्या, “डॉक्टरांना कुठे घातलंय पाण्यात?”

पुढचे दिवस माणसं येत राहिली. देवाची इच्छा, असं प्रत्येकजण जाताना म्हणायचा. मी मनातल्या मनात मोजत नव्हते, पण कान किटले. सुतकात देवांना कुणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. चौदाव्या दिवशी निधनशांत झाली, गुरुजी म्हणाले, आता रोजची पूजा सुरू करा. सासूबाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पातेल्यातलं जुनं पाणी कुंडीत ओतलं, नवीन भरलं, आणि देव आतच ठेवले.

तसं रोज. फूल नाही, दिवा नाही, नैवेद्य नाही. साठ वर्षं पूजेशिवाय चहा न घेतलेली बाई सकाळी उठून पाणी बदलायची आणि खुर्चीत जाऊन बसायची. देव्हारा मोकळा. मार्च गेला, एप्रिल गेला.

माझी नणंद टिटवाळ्याला असते. आईची लेक असल्यामुळे तिला हे माझ्यापेक्षा जास्त झोंबलं. दर आठवड्याला फोन. “वहिनी, तू काढ ना गं ते देव. असे ठेवू नयेत. घरावर काहीतरी येईल.”

“आता काय यायचं राहिलंय?”

“तू पण ना! आई अशी नव्हती गं. ती देवावर रुसली तर ती जगेल कशावर?”

तिची भीती खोटी नव्हती. सासूबाई खाईनाशा झाल्या होत्या. अर्धी पोळी, दोन घास भात. वजन उतरलं होतं, बोलणं कमी झालं होतं. देव्हारा पुन्हा मांडला गेला नाही तर ही बाई हळूहळू विझणार, हे मला दिसत होतं. पण त्यांचे देव मी कसे काढणार? मी कधी त्यांना हळदकुंकूसुद्धा वाहिलं नव्हतं. शेवटी मी गुरुजींना फोन केला आणि विचारलं की काम झालं नाही तर पाण्यातले देव कधी काढायचे. ते घुटमळले. काम झालं की काढायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. न झाल्यास काय, याचा कुणी विचारच करून ठेवलेला नव्हता. “काढा हो, काही होत नाही,” ते म्हणाले. मी म्हटलं, काही होत नाही म्हणूनच तर ते आत आहेत.

माझं म्हणाल तर मी दमले होते. रडू येत नव्हतं, राग येत होता आणि तोही पुरता येत नव्हता. पेन्शनचे कागद, बँकेचे फॉर्म, प्रत्येक ठिकाणी तोच दाखला दाखवायचा. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, ऑगस्टमध्ये ती कविता आली.

एका रविवारी दुपारी मी जेवणाच्या टेबलाशी पुस्तक उघडून बसले होते. समोर सासूबाई भिजवलेले वाल सोलत होत्या. हातांना सवय, म्हणून चाललं होतं. अर्धा तास माझं पान उलटेना.

“काय गं, तेच पान धरून बसलीयेस?”

“शिकवायचंय उद्या.”

“इतकी वर्षं शिकवतेस, अजून पाठ नाही झालं?”

का कोण जाणे, मी त्यांना सांगायला लागले. आधी ते लोक कोण, कुठले, आणि मग कविता, ओळीमागून ओळ, आपल्या साध्या मराठीत. तोंड पोळून घेणाऱ्या मुलापाशी त्यांचा हात थांबला. “हाही तसाच,” त्या म्हणाल्या. “चहा निववून दिलेला चालायचा नाही.” मला ते माहीत होतं. तीस वर्षं तो चहा मीच करत होते.

“मग पुढे? शेवटी काय म्हणते?”

“म्हणते, तू दिलास, तू नेलास. का ते विचारणार नाही.”

त्यांनी एक डाळिंबी सोलून वाटीत टाकली. “विचारणार नाही कुणाला सांगतेय?”

“देवाला.”

“म्हणजे बोलतेय अजून त्याच्याशी,” त्या म्हणाल्या. “आणि विचारायचं होतं, हे सांगून टाकलंन की.”

माझी सासू सातवी शिकलेली. इकडे श्रद्धा, तिकडे दुःख, मधे कुस्ती आणि शेवटी एकाचा हात वर, असं मी इतकी वर्षं शिकवत आले होते. एखादी बाई एकाच वाक्यात भांडत आणि नमस्कार करत असू शकते, हे कुठल्याच संदर्भग्रंथात मला भेटलं नव्हतं. भेटलं असेल तर मी ते मुद्द्यांत बसत नाही म्हणून सोडलं असेल.

“त्यांच्यात देवावर रागावणं पाप होतं, आई.”

“आणि पाण्यात घालणं?”

“मूर्तीच नव्हत्या त्यांच्याकडे.”

“अगंबाई. मग बिचारीने करावं तरी काय?”

“लिहिलं तिने,” मी म्हटलं. आणि विषय निघालाच होता म्हणून धीर करून विचारलं, “तुमचे देव कधी काढायचे, आई?”

“काम झालं की काढतात. झालं का काम?”

“नाही.”

“मग?” असं म्हणून त्या वाटी घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात वीस ओळी शिकवल्या. बऱ्या शिकवल्या. शेवटच्या दोनपाशी आले आणि ‘विजय’ हा शब्द तोंडातून निघेना. मी पुस्तक मिटलं. दारापर्यंत आले तर पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅम, कन्क्लूजन नाही दिलंत.” मी म्हटलं, पुढच्या लेक्चरला. ती म्हणाली, “मॅम, ती बाई रडली कुठे मग? त्यांच्यात तर चालायचंच नाही ना?” याचंही उत्तर पुढच्या लेक्चरला देते, असं सांगून मी सुटका करून घेतली.

पुढचं लेक्चर झालंच नाही. दोन दिवसांत मला ताप भरला. डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स भराभर उतरल्या आणि डोंबिवलीतच एका हॉस्पिटलात मला ठेवलं. नणंद टिटवाळ्याहून धावत आली, सासूबाईंपाशी राहिली आणि तिथून माझ्याकडे पेज घेऊन येत राहिली. तिसऱ्या दिवशी मला बरंच कमी-जास्त झालं म्हणे. मला फक्त एवढं आठवतं की मला कसलीच भीती वाटत नव्हती, आणि आपल्याला भीती वाटत नाहीये हे काही ठीक नाही, असं पुसटसं वाटत होतं. सहाव्या दिवशी त्यांनी मला घरी सोडलं.

नणंद मला रिक्षातून घरी घेऊन आली. दारात सासूबाई उभ्या होत्या, कधी नव्हे ते भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. मी आत आले तर देव्हाऱ्यात देव होते. घासूनपुसून लख्ख, प्रत्येकासमोर फूल, समई लावलेली. कोपऱ्यात तांब्याचं पातेलं उपडं घातलं होतं.

मी नणंदेकडे बघितलं. ‘मी नाही’ अशी तिने मान हलवली. ती चहा टाकायला गेली.

“तुम्ही काढलेत, आई?”

“हो. आज सकाळी. तू घरी येणार असं कळलं तेव्हा.”

“आणि त्या कामाचं?”

माझ्या शेजारी त्या पलंगावर बसल्या. “ते तिसऱ्या दिवशीच काढले, तुझं कमी-जास्त झालं तेव्हा,” त्या म्हणाल्या. “काढले, पुसले, आणि परत घातले. तुझ्यासाठी घालायचे तर त्याच्यासाठी घातलेले आधी काढावे लागले.”

मला सुचली ती कुठल्याच संदर्भग्रंथात न सापडलेली गोष्ट. त्या प्युरिटन बाईच्या घरात आणखी पोरं असणार. त्या काळी एकच मूल कुणाला असायचं? थंडी संपायची होती, ताप गावात होता, आणि ज्याने एक नेलं त्याच्याकडेच उरलेल्यांसाठी हात पसरायचे होते. भांडण चालू ठेवून मागता येत नाही. म्हणून तिने दोन ओळींत भांडण मिटवलं. विजयबिजय काही नव्हता. आतल्या खोलीत कुणीतरी खोकत होतं, एवढंच असेल.

“हात धजेना गं,” सासूबाई म्हणत होत्या. “बाळकृष्ण बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. दोनदा. सहा महिने मला वाटत होतं, हे आत आहेत तोवर माझं मागणं चालू आहे. मग हॉस्पिटलातून लेकीचा फोन आला की तुझं काही खरं नाही. तेव्हा म्हटलं, गेला तो. ही राहू दे.”

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि फेब्रुवारीपासूनचं सगळं रडले.