तांब्यावरचा चमचा

माझे सासरे, आबा, दिवेलागणीला अंथरुणावर बसून पितळी तांब्यावर चमचा वाजवायचे. टण्, टण्, टण्. नवख्या माणसाला वाटावं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

पळसदरीचा तो बंगला मुंबईच्या एका शेटजींचा. शेटजी गेले, मुलं परदेशात, आणि आबांचा उभा जन्म त्याची राखण करण्यात गेलेला. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायचो. मी लग्न होऊन आले तेव्हा आबांची फुप्फुसं निकामी होत आली होती. सासूबाई आधीच गेलेल्या, नवरा साजगावच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. संध्याकाळी घरात आम्ही दोघंच.

आबांचा एक नेम मात्र चुकायचा नाही. रोज संध्याकाळी पुढच्या सगळ्या खोल्यांत जायचं, जरा वेळ खिडक्या उघड्या ठेवायच्या, मग लावून घ्यायच्या. "घराला मानसाचा वावर लागतो गं," ते म्हणायचे. "नायतर वाळवीला वाटतं, घर आपलंच हाय." मी दहिवलीच्या चाळीत वाढलेली; भिंतीपलीकडे कायम कुणीतरी भांडत असायचं. इथे चादरी घातलेल्या खुर्च्या, शेटजींच्या वाडवडिलांच्या तसबिरी, आणि कुणी चालत नसताना करकरणारा जिना. आबांना आता चालवत नव्हतं, म्हणून तो नेम माझ्याकडे आला आणि पहिल्याच दिवशी माझी पाचावर धारण बसली. मी दारातच अडले. आबा रागावले नाहीत. हाका मारून धीर द्यायला त्यांना दम पुरत नव्हता, म्हणून त्यांनी तांब्या जवळ ओढला.

"वाजतंय तवर मी हाय गं. तू जा."

या वाक्याने माझा घोर दुप्पट झाला. ओठ निळे पडले तर थांबू नका, लगेच रिक्षा बोलवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तसबिरी राहिल्या बाजूला. खिडक्या लावताना माझा सगळा जीव कानात. पुढचा टण् यायला जरा उशीर झाला की हात कडीवरच थांबायचा.

एकदा आवाज थांबलाच. मी वरच्या मजल्यावर होते, वीज गेलेली. खाली कशी आले आठवत नाही. आबा वाकून खाटेखाली चमचा शोधत होते. मला रडूच फुटलं. चमचा तांब्याला दोरीने बांधून ठेवते, असं त्यांना रागाने म्हणाले. ते हसले, मग बराच वेळ खोकत राहिले.

"जिन्यावरनं आलीस नं? अंधारातनं? मंग आता कशाला भितेस."

पावसाळा सरता सरता त्यांना कर्जतच्या दवाखान्यात हलवलं. तोंडावर मास्क, बोलणं बंद. माझा हात त्यांच्या उशाशी होता. बोटाने ते माझ्या बांगडीवर टकटक करत राहिले. नवरा औषधं घेऊन आला, मी त्याच्याकडे वळून बघितलं, आणि तेवढ्यात टकटक थांबली. यावेळी खाली काही पडलं नव्हतं.

राखण आता आमच्याकडे आहे. मी अंधारातही सगळ्या खोल्या फिरते, तसबिरीसुद्धा पुसते. पण घर गप्प झालं की अजून जीव घाबरा होतो. नवऱ्याला हे मी कधी सांगितलेलं नाही. तरी सुट्टीच्या संध्याकाळी मी पुढच्या खोल्यांत गेले, की तो मागे चहाच्या कपावर चमचा वाजवत बसतो.