चासीवरचा वाकडा सात

फोन आईनं उचलला. "दादा…" एवढंच म्हणाली आणि ओट्याला टेकून खाली बसली. मामाला जाऊन आता पाच आठवडे झाले. रडण्याबद्दल मला लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या गाडीबद्दल लिहिते.

मामानं पंचवीस वर्षं केनियात एका चहाच्या मळ्यावर मेकॅनिक म्हणून काढली. संसार मांडला नाही. आईच्या लग्नालाही त्याला येता आलं नव्हतं. तेव्हा त्यानं तिला फोनवर शब्द दिला होता, की एका भाऊबीजेला स्वतःच्या गाडीनं तुला लोणीहून निमगाव सावाला माहेरी नेईन. परत येताना मळ्याच्या मालकानं निरोपाची भेट म्हणून त्याला एक जुनी निळी गाडी दिली. तिचं मूळ इंजिन काढून तरुण मामानंच तिच्यात डिझेल इंजिन बसवलं होतं. इकडे मात्र इतकी जुनी परदेशी गाडी नोंदवायची, तर ती मूळ रूपातच हवी. नाहीतर रस्त्यावर आणायची नाही. मूळ इंजिन त्यानं खोक्यात घालून सोबत आणलं होतं, हे नशीब. मंचरच्या त्याच्या गॅरेजात ट्रॅक्टर घेऊन येणारे शेतकरी चिडवायचे, "मामा, लोकं जुनं काढून नवं टाकत्यात, तुमचं उलटंच!"

"व्हय राव, माझीच हुशारी उपसून काढतोय," मामा म्हणायचा.

नोंदणीचे अर्ज मी लिहायचे. इंग्रजी शाळेत शिकलेली भाची म्हणून ते काम आपोआप माझ्याकडे आलं. लिहिणं मला जमतं, चारचौघांत बोलणं नाही. मामा मला 'मुकी मॅडम' म्हणायचा.

दिवाळीला महिना उरला असताना आम्ही गाडी आरटीओत तपासणीला नेली. इंजिन पास झालं. मग निरीक्षक साहेबांनी चासी नंबरची, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या नंबराची, छाप मागितली. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची, की ठोकलेले आकडे कागदावर उमटतात. मामानं कानामागची पेन्सिल काढून घासली. कागद नुसता काळा झाला. नंबरच नव्हता! मामानं मागं वळून रंगकाम करणाऱ्या सोपानकडे पाहिलं.

"तिथं लई खड्डे व्हते मामा," सोपान कौतुकानं म्हणाला, "लांबी-पुट्टी भरून काचेवानी गुळगुळीत केलंय."

साहेबांनी अर्ज परत दिला. पुढचे तीन दिवस मामा थिनरमध्ये चिंधी बुडवून, बांबूच्या काडीनं एकेक आकडा मोकळा करत बसला. ग्राइंडर लावला असता तर आकडेच गेले असते.

दुसऱ्या खेपेला छाप स्वच्छ आली, पण आता साहेबांना वेगळाच संशय. "कालपर्यंत नव्हता, आज आला? नवा ठोकला नाही कशावरून?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. "बोल की गं. पावणं म्हणून जेवायला नाय आलो आपण."

मी मामाची केनियातली वही उघडली. डिझेल इंजिन बसवताना त्यानं या वहीत याच नंबरची छाप घेऊन ठेवली होती. कागद पिवळा पडला होता. मी दोन्ही छापा शेजारीशेजारी ठेवल्या. "सर, हा सात बघा. दोन्हीकडे डावीकडे कललाय, आणि त्याचं टोक तुटलंय. नवा ठोकणारा सरळ ठोकेल." इतकं सलग मी त्याआधी कुठल्याच कार्यालयात बोलले नव्हते. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला… आणि सही केली.

भाऊबीजेला मामा नव्या नंबर प्लेटला झेंडूचा हार घालून लोणीत आला. वाड्या-वस्त्यांवरची माणसं बघायला बाहेर आली होती. आई नऊवारी नेसून पुढच्या सीटवर बसली. मंचरच्या गर्दीत मामानं विनाकारण तीनदा हॉर्न वाजवला. निमगाव सावाच्या वेशीवर आई एवढंच म्हणाली, "उशीर केलास दादा." मामा म्हणाला, "पण माझ्याच गाडीनं आणली!"

गेल्या आठवड्यात गाडी आईच्या नावावर करायचा अर्ज लिहिला. पुन्हा छाप लागणार होती. गॅरेजात मामाची पेन्सिल स्टिअरिंगला दोऱ्यानं बांधलेली होती, ती सोडवून घेतली. मी बॉनेट उघडून कागद धरला आणि हलकेच घासत गेले. सात उमटला, वाकडाच.

"ताई, आरटीओच्या काउंटरला मी बोलतो," सोपान म्हणाला, "तुमी नुसत्या थांबा."

"नको," मी म्हटलं आणि पेन्सिल कानामागे खोचली. "मी बोलते."