न सांगता निघणारी

अंबूअक्का कुणाचा निरोप घेत नसे. पेशंटच्या घरी ड्रेसिंग झालं, औषधं समजावून झाली, त्या घरचं ताक पिऊन झालं, की ती बॅग खांद्याला अडकवायची, उंबऱ्याबाहेरच्या चपला हातात उचलायची आणि अंगण ओलांडून थेट व्हॅनमध्ये जाऊन बसायची. चपला पायांत जायच्या त्या व्हॅनमध्येच. घरातली माणसं दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत राहायची. चोर घरात शिरताना पाय वाजू देत नाही हे मी ऐकून होते. निघताना पाय वाजू न देणारी बाई मी तिच्याच रूपात पाहिली.

तंजावुरात हे फार डोळ्यांवर यायचं. आपण जसं ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, तसंच तिकडेही आहे. निघणारा माणूस तमिळमध्ये ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येते’, असं सांगूनच उठतो. नुसतं ‘जाते’ म्हणणं अभद्र. समोरच्या दुकानात कढीपत्ता आणायला निघालेली म्हातारीसुद्धा हे दोन शब्द बोलल्याशिवाय पायरी उतरत नाही. आणि त्याच मुलखात जन्म काढलेली आमची अक्का मुक्यानं निघायची. खेड्यांतल्या बायका म्हणायच्या, हात सोन्याचा आहे हो, पण जाताना हिला तोंड नाही.

मी बार्शीची. नर्सिंगची परीक्षा पास झाले तेव्हा वाटलं होतं, आता दवाखाने माझ्यासाठी दार उघडून बसले असतील. जिथे जावं तिथे एकच प्रश्न, अनुभव किती? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. शेवटी एका एजन्सीनं करारावर घेतलं. काही महिने या गावी, काही महिने त्या गावी, जिथे माणूस कमी पडेल तिथे. पहिलंच नाव निघालं तंजावूर. आईनं डोळ्याला पदर लावला. एजन्सीतल्या बाई म्हणाल्या, “घाबरू नका, तिथे मराठी बोलणारी एक सिस्टर आहे.”

ती मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी हसले होते. “महाराष्ट्रांतून आलीस कां? कोण्हीं सोबत नाहीं? जेवलीस?” सगळ्या वाक्यांना तमिळचा हेलकावा, आणि शब्द पणजीच्या पेटीतून काढल्यासारखे. तीही माझ्या बोलण्याला हसली. म्हणाली, “तुझी मराठी फार धांवते गं.” तिची माणसं तिथल्या मराठा राजांच्या काळात तिकडे गेलेली. राजवाड्यामागच्या गल्लीत भाऊ-भावजयीबरोबर ती राहायची, लग्न केलेलं नव्हतं. देवनागरी तिला वाचता येत नसे. मला नवल वाटलं तर म्हणाली, “माझी मराठी तोंडांत आहे. तोंड आहे तोंवर आहे.”

आमच्या दवाखान्याची एक व्हॅन होती. ऑपरेशन होऊन घरी गेलेले, साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, जखमा असलेले, अंथरुणाला खिळलेले असे पेशंट त्रिभुज प्रदेशातल्या खेड्यांत होते, त्यांच्या घरी ती जायची. ऊन, धूळ, कालव्याकाठचे अरुंद रस्ते, म्हणून जुन्या नर्सेस ही ड्यूटी टाळत आणि नव्यांच्या गळ्यात मारत. अक्का मात्र आपणहून त्या ड्यूटीवर होती. ड्रायव्हर सेल्वम, अक्का आणि मी, अशी आमची वरात निघायची.

पहिल्या आठवड्यातच माझं अवसान गळालं. एका घरी टाचेची जखम उघडली आणि त्या वासानं मी तोंड फिरवलं. पट्टी सुटली, म्हातारा ओरडला, त्याची सून तमिळमध्ये मला काहीबाही बोलली. एक अक्षर कळलं नाही, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. व्हॅनमागे नारळाच्या झाडाला टेकून मी ढसाढसा रडले आणि ठरवून टाकलं की रात्रीच्या गाडीनं बार्शी गाठायची. अक्का जखम बांधून आली. हातात केळीच्या पानात दहीभात. “आधीं खा,” म्हणाली. “रडायचें तें खाल्ल्यावर रड. रिकाम्या पोटीं रडलेलें अंगाला लागत नाहीं.” मी खाल्लं. रडणं राहूनच गेलं. मग तिनं माझा हात हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, “सुईला भाषा नको. हाताला पाहिजे. तुझा हात बोलेल, थोडा उशीर लागेल.” जा किंवा राहा, असं काही बोलली नाही. मी राहिले.

त्याच दिवसांत मला एक बंद घर दिसलं. एका कालव्याच्या वळणावर, पुलाच्या अलीकडे, कौलारू घर होतं. दाराला कुलूप, खिडक्या लावलेल्या. बाहेर तिकडच्या सगळ्या घरांना असते तशी बसायची तिण्णै, म्हणजे आपला ओटा. सेल्वम न सांगता तिथे गाडी थांबवायचा. अक्का उतरायची, चपला काढायची आणि बंद दाराकडे तोंड करून म्हणायची, “वंदुट्टेन, पाटी.” आले, आजी. मग थोडा वेळ उभी राहायची, कुणीतरी आतून कडी काढायला उठलं असावं तशी. नंतर तिण्णैवर तळवा टेकवायची आणि परत यायची. मी एकदा सेल्वमकडे पाहिलं. तो रेडिओचं बटण फिरवत राहिला.

मला खुलासा झाला तो माझ्याच जिभेमुळे. माझी तमिळ जरा सुटू लागली होती आणि नव्यानं सायकल शिकलेल्या पोरीसारखी मी ती जिथे तिथे काढायचे. एका नारळीच्या बागेतल्या आजोबांची लघवीची नळी बदलून झाली. फार गोड माणूस. निघताना मी ऐटीत म्हणाले, “नालैक्कु वरेन, तात्ता.” उद्या येते, आजोबा. त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

व्हॅनमध्ये अक्का माझ्यावर भडकली. तिला रागावलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. “कोण्हीं सांगितलें तुला येतें म्हणून सांगायला? उद्यां गाडी इकडे आहे कां? तुझ्या हातांत आहे कां गाडी?” ती तशीच खाली उतरली, परत आजोबांकडे गेली आणि त्यांना सांगून आली की ही मुलगी उद्या येणार नाही, गाडी येईल तेव्हा येईल, काही दुखलं-खुपलं तर मुलाला घेऊन थेट दवाखान्यात या. आजोबांचा चेहरा उतरलेला मी खिडकीतून पाहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला. एवढ्याशा शब्दाचं एवढं काय?

गाडी बंद घरापाशी थांबली. त्या दिवशी अक्का म्हणाली, “तूंही ये.”

तिण्णैवर आम्ही दोघी बसलो नाही, शेजारी उभ्या राहिलो. तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. त्या घरात मुत्तुलक्ष्मी नावाची म्हातारी राहायची, पाटी म्हणजे तीच. पायाला साखरेची जखम. अक्काच्या हाताशिवाय कुणाला पट्टी करू द्यायची नाही. एकदा जखमेचा रंग अक्काला आवडला नाही. उद्या औषध बदलून आणते म्हणाली आणि सगळ्या जगासारखी दारात वळून बोलली, जाऊन येते, पाटी. रात्रीत कालव्याला पाणी सुटलं, बांध फुटला आणि सकाळी रस्ता बंद. व्हॅन अर्ध्यातून परतली. अक्कानं म्हातारीच्या मुलाला फोन करून सांगितलं की मागच्या रस्त्यानं मोपेडवर घालून तिला दवाखान्यात आण. मुलगा तयार झाला. म्हातारी उठेना. ती म्हणाली, अक्का येते म्हणून गेलीय, ती येऊन मी घरात नसले तर? दुसऱ्या दिवशीही तेच. ताप अंगात आणि ती तिण्णैवर रस्त्याकडे तोंड करून बसलेली. रस्ता उघडल्यावर अक्का पोचली तेव्हा उशीर झाला होता. नंतर मुलगा तिरुपूरला कामाला गेला. घराला कुलूप लागलं.

“रोगानें गेली म्हणून डॉक्टर सांगतात,” अक्का म्हणाली. “मला ठाऊक आहे. माझी वाट बघून गेली. येतें म्हटलें कीं लोक बसतात, मुली. बसले म्हणजे उठत नाहींत.”

“पण अक्का, तुम्ही तर फोन केला होता.”

“फोन मागून गेला. शब्द आधीं पोंचला होता.”

मग तिनं माझा हात धरून तिण्णैवर टेकवला. वर कौलांची पडवी, समोर चिंच, तिथे ऊन कधी पोचत नसावं. सिमेंट गार होतं. भिंतीलगतची एक जागा मात्र ऊबदार होती, माणूस नुकताच उठून गेल्यासारखी. मी हात मागे घेतला आणि म्हणाले, “कुत्रं बसलं असेल.” अक्का म्हणाली, “असेल.” पुढे अनेकदा मी तिथे हात लावला. कधी गार लागायचं, कधी नाही. कुत्रं मला एकदाही दिसलं नाही. मी शास्त्र शिकलेली मुलगी आहे आणि यावर मला काही म्हणायचं नाही.

त्यानंतर मीही मुक्यानं निघायला शिकले. चपला हातात घ्यायला लागले. सेल्वम चेष्टेनं म्हणायचा, एक भूत होतं, आता दोन झाली. हात मात्र बोलू लागला होता. टाचेच्या जखमेच्या त्याच घरातली सून मला बघून पाट मांडायची.

करार संपला. पुढचं गाव हैदराबाद होतं. एजन्सीच्या नोकरीत गावाशी जीव जडायच्या आत गाव सुटतं, माझा मात्र जडून बसला होता. अक्का स्टेशनवर सोडायला आली. चिंचभाताची पुडी, लोणच्याची बाटली, आणि एकच धोशा, वाटेत कुणाचं काही खाऊ नको. गाडी हलायला आली. मला भडभडून आलं आणि सवयीनं तोंड उघडलं, “अक्का, ये...”

तिनं खिडकीतून हात घालून माझ्या तोंडावर ठेवला. हाताला नेहमीचा डेटॉलचा वास होता. “सांगूं नको. मीं सांगतें. जा.”

माझ्याशेजारी बसलेल्या बाईला मराठी कळत नसावी, पण तो शब्द हिंदीतलाही, तेवढा कळला असावा. तिनं दचकून अक्काकडे पाहिलं. निघत्या माणसाला तिकडे कुणी नुसतं जा म्हणत नाही. अक्का पुन्हा म्हणाली, “जा, अश्विनी. आतां तूं मोकळी. मींही मोकळी.” आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागली. त्या दिवशी चपला तिच्या पायांत होत्या आणि त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

फोनवर ती कधीच विचारायची नाही की केव्हा येतेस. जेवलीस कां, हात कसा आहे, संपलं. मीही येते म्हणायची नाही. मी हैदराबादहून मंगळूरला गेले, मंगळूरहून परत हैदराबादला. मला वाटायचं, अक्कानं मला सोडवलंय. इतर मुली गावागावांत आश्वासनं ठेवून यायच्या, माझ्या नावावर एकही नव्हतं. एके दिवशी तिच्या भावजयीचा, सरसूकाकूंचा, फोन आला. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही.

लगेच निघता आलं नाही. करारातून मोकळी झाले तेव्हा गेले. राजवाड्यामागच्या गल्लीत ते घर, बाहेर लहानशी तिण्णै, लोखंडी फाटक. काकूंनी कॉफी दिली. मी धीर करून विचारलं, अक्का माझी आठवण काढायची का?

“तुझी? आम्हीं विचारायचों, ती महाराष्ट्रांतली मुलगी येणार कां म्हणून. तर सांगायची, नाहीं. मीं जा म्हणून सांगितलें आहे, ती येणार नाहीं, कोण्हीं वाट बघूं नका.” काकू पदरानं पेल्याची कड पुसत राहिल्या. “पण दुपारीं फाटक वाजलें कीं उठून बसायची. टपालवाला असो, दूधवाला असो. कोण म्हणून विचारायची नाहीं. उठून केंस सारखे करायची, तेवढेंच. शेवटीं शेवटीं तर तिण्णैवरच बसायची, भिंतीला लागून.”

मी पेला खाली ठेवला. अक्कानं आयुष्याची कितीतरी वर्षं एक शब्द गिळून काढली होती, कुणाला आपली वाट बघावी लागू नये म्हणून. आणि तिच्या त्या मुकेपणानं एकाचंही वाट बघणं थांबलं नसणार. त्या सगळ्या अंगणांतली, दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघणारी माणसं मला आठवली. माणूस जीव लावून गेला की मागे कुणीतरी बसतंच. तो काही बोलून गेला काय आणि न बोलता गेला काय. म्हातारीला शब्दानं बसवलं नव्हतं, अक्का. हे तुम्हाला जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण तुम्ही फाटकाकडे कान लावून बसेपर्यंत हे कुणाला कळलं असतं?

निघताना मी बाहेर आले. दुपारच होती. तिण्णैवर सावली होती आणि भिंतीलगतची जागा रिकामी होती. तिथे हात लावायचं धाडस मला झालं नाही. गार लागली असती तर सोसलं नसतं, आणि ऊबदार लागली असती तर तिथून पाय निघाला नसता.

चपला उचलायला वाकले, पण उचलल्या नाहीत. पायांत घातल्या. काकू दारात उभ्या होत्या. पण मी बोलले ते त्या रिकाम्या जागेकडे बघून, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

“जाऊन येते, अक्का.”

आता मला दरवर्षी तंजावूरला जावं लागतं. करार कुठलाही असो, गाव कुठलंही असो, रजा मी त्यासाठीच मागते. काकू विचारतात, तुझें इथें कोण आहे म्हणून येतेस गं? मी फाटक जरा जोरात लोटते, तिण्णैपाशी चपला काढते आणि आले म्हणून सांगते.