लिफ्टवाल्याचे टायर

शहरातल्या निदान साठ इमारतींमधल्या माणसांचं वर-खाली जाणं त्याच्या हातात होतं. पण तो स्वतः राहायचा तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. हा विनोद लोकांनी त्याला इतक्या वेळा ऐकवला होता की समोरच्यानं तोंड उघडायच्या आतच तो हसून मोकळा व्हायचा. सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. वय एक्कावन्न. लग्न झालं नाही. का झालं नाही याची कारणं दर दोन-चार वर्षांनी बदलत गेली, आणि मग कुणी विचारेनासंच झालं. आई होती तोवर घरात भांड्यांचा आवाज तरी होता. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. थोरली बहीण दुसऱ्या गावी. दर गुरुवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा, "जेवलास का?" पासून सुरू व्हायचा आणि "तब्येतीला जप" वर संपायचा.

कामही एकट्याचंच. लिफ्ट अडली की तो यायचा, दारात 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी अडकवायचा आणि केबिनच्या टपावर चढून त्या उभ्या, विहिरीसारख्या पोकळीत तासन्‌तास दोर, रोलर, दाराची कडी तपासत बसायचा. खालून मधूनच कुणीतरी ओरडायचं, "अहो, अजून किती वेळ?" दिवसभरातलं बोलणं काय ते एवढंच. लिफ्ट चालू झाली की लोक पटकन आत शिरून बटण दाबत. बाजूला हात पुसत उभ्या असलेल्या माणसाकडे बघायला कुणाला सवड असते?

एकच चैन त्यानं केली होती. चाळिशीत शर्यतीच्या घाटणीची, पुढे वाकून बसायची लाल मोटारसायकल घेतली. आईनं कपाळाला हात लावला. "या वयात लोक गुडघ्यांना तेल चोळतात, आणि तू हे घोडं आणलंस!" पण त्या घोड्यानंच त्याला माणसं मिळवून दिली. पाच जणांची टोळी जमली. शाळेत गणित शिकवणारे मास्तर सगळ्यांत थोरले. औषधाच्या दुकानात काम करणारा एक जण, त्याला सगळे डॉक्टर म्हणत. दोघे भाऊ, कायम एकमेकांना चिकटलेले, ती जोडगोळी. आणि हा. दर रविवारी सकाळी सहाला पेट्रोल पंपावर जमायचं, घाटातली बत्तीस वळणं चढून धरणापर्यंत जायचं, तिथल्या टपरीवर चहा घ्यायचा, एकमेकांच्या चुका काढायच्या आणि दहाच्या आत घरी. गाडीतलं काहीही बदलायचं झालं तर शब्द मास्तरांचा. साखळी कुठली, ऑइल कुठलं, टायर कुठले, सगळं मास्तर ठरवणार आणि बाकीच्यांनी मान डोलवायची.

आठ-नऊ वर्षं हे चाललं. मग जोडगोळी नोकरीसाठी परदेशी गेली. डॉक्टरच्या कंबरेनं संप पुकारला, त्यानं गाडी विकून टाकली. राहिले दोघेच, आणि दोघांचेच रविवार खरं तर सगळ्यांत छान होते. पण दोन वर्षांपूर्वी मास्तर एकदम म्हणाले, "आता नाही रे जमत. वेळच मिळत नाही."

शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला वेळ मिळत नाही? लिफ्टवाल्याला ते फार लागलं. आपला कंटाळा आला असेल, असं त्यानं मनाशी धरलं. नसेल यायचं तर नसो, आपण कशाला पाय धरायचे? त्यानं फोन केला नाही. त्यांचाही आला नाही.

एकदाच तो एकटा घाटात गेला होता. सातव्या वळणावर बारीक खडी पसरलेली होती. मागचं चाक जरासं सरकलं, सावरलं. पडला नाही काही. पण गाडी कडेला लावून तो दगडावर बसला आणि त्याच्या डोक्यात आलं, आज रविवार. आता इथून खाली दरीत गेलो असतो, तर गुरुवारी ताईचा फोन वाजला असता आणि कुणी उचलला नसता. तेव्हा कुठे कुणाला तरी शंका आली असती. मध्ये चार दिवस.

त्यानंतर तो घाटात गेला नाही. गाडी घरून कामावर, कामावरून घरी, मोठ्या सरळ रस्त्यानं. एखाद्या पहिलवानाला भाजी आणायला पाठवावं तशी.

एका सकाळी गाडी पुसताना त्याला टायरच्या अंगावर केसांसारख्या बारीक भेगा दिसल्या. तो टायरच्या दुकानात गेला. दुकान एका बाईचं होतं. नवऱ्यामागे तिनंच चालवलेलं, पंक्चरपासून चाकाचा तोल साधण्यापर्यंत सगळं ती स्वतः करायची. तिनं चष्मा कपाळावर सरकवला, मागच्या चाकाशी उकिडवी बसली आणि टायरवरून तळवा फिरवला.

"दादा, गाडी तुम्हीच चालवता?"

"हो. का?"

"मधून सपाट झालाय, आणि कडा कोऱ्या. वळणं घेतच नाही का तुम्ही?" मग तिनं टायरच्या कडेवरचा चार आकडी छाप दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. "नक्षी आहे अजून, पण टायर सहा वर्षांचा झालाय. रबर वाळलं. पुढचाही तसाच. दोन्ही बदला, आणि एकाच जोडीतले घ्या."

"बरं."

"कुठले देऊ? तीन तऱ्हेचे आहेत. एक मऊ, चिकटून धरणारा. वळणाला मजा, पण झिजतो लवकर, आणि गरम झाल्याशिवाय मनासारखी पकड देत नाही. एक टणक, लांब पल्ल्याचा. आणि एक मधला. मधोमध टणक, कडांना मऊ, पावसालाही चांगला. वापर कसा आहे तुमचा? रोज किती? घाटबिट? मागे कुणी बसतं?"

साधेच प्रश्न. त्याला मात्र कुणी दार न ठोठावता घरात शिरल्यासारखं वाटलं.

"बसतं की," तो म्हणाला. "आम्ही दोघं असतो बहुतेक वेळा."

का बोलला, त्याचं त्यालाच कळलं नाही. बाईनं कागदावर 'दोघं' असं लिहिलं आणि गाडीच्या मागच्या सीटकडे एकदा पाहिलं. "विचार करून सांगतो," म्हणून तो जवळजवळ पळालाच.

पुढचे तीन दिवस त्यानं दुपारचा डबा इमारतींच्या गच्चीवरच्या मशीन-खोल्यांत बसून खाल्ला, आणि जेवताना फोनवर टायरांबद्दल वाचलं. एक म्हणे मऊच घ्या, दुसरा म्हणे मऊ घेणारा मूर्ख. एकानं लिहिलं होतं, मागचा टायर ठरल्यापेक्षा रुंद बसवा, गाडी काय दिसते! वाचून वाचून डोकं पिकलं. रोजचा सरळ रस्ताच धरायचा तर टणक टायर घेऊन मोकळं व्हायला हवं होतं. पण 'टणक द्या' असं सांगायला जीभ रेटेना. ते सांगितलं की घाट सुटला तो कायमचाच, असं त्याला वाटत होतं. चौथ्या दिवशी काम संपल्यावर गाडी आपसूक मास्तरांच्या गल्लीत वळली.

दार वहिनींनी उघडलं. क्षणभर त्या बघतच राहिल्या.

"भाऊजी! आहात कुठे तुम्ही? वाट चुकलात की काय?"

"मास्तर आहेत? टायरचं जरा विचारायचं होतं."

"आहेत ना. ते कुठे जाणार?" म्हणताना त्यांचा आवाज थोडा बदलला. "या."

मास्तर खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. बारीक झालेले. मांडीवर उशी, आणि दोन्ही हात उशीखाली. 'दोन वर्षं झाली' वगैरे बाजूला ठेवून त्यानं थेट टायरांचं काढलं. टायर हा शब्द कानावर पडताच मास्तरांचे डोळे मात्र वर्गात शिरल्यासारखे झाले.

"साल काय निघालं? सहा वर्षं? म्हणजे डॉक्टरची साखळी तुटली, त्याच्या आदल्या आठवड्यात आपण बसवलेले. गेलेच ते. रुंद टायरच्या भानगडीत पडला नाहीस ना?"

"नाही."

"शहाणा आहेस. चाकाच्या रिमला जे माप दिलं आहे त्याच मापाचा घालायचा. रुंद टायर अरुंद रिमवर चिमटला की त्याची गोलाई बिघडते, गाडी वळायला कुरकुर करते. आता खरं सांग, घाटात किती जातोस?"

"जात नाही."

"का?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. "एकट्यानं भीती वाटते, मास्तर. पडायची नाही. पडलो तर कुणाला कळणार नाही, त्याची."

वहिनी चहाचे कप ठेवून आत गेल्या होत्या. मास्तरांनी सवयीनं कप घ्यायला हात बाहेर काढला, आणि लिफ्टवाल्याला दिसलं. हात थरथरत होता. नुसता थरथरत नव्हता, स्वतःच्या मर्जीनं हलत होता, मालकाला न विचारता. मास्तरांनी तो परत उशीखाली नेला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं. ब्रेकवरची बोटं ऐकेनाशी झाली. तुझ्या मागून येताना एका वळणावर तुला धडकता धडकता राहिलो. तुला कळलंही नाही."

"मला सांगायचं ना! वेळ मिळत नाही म्हणालात."

"काय सांगू? तू गाडी हळू चालवली असतीस माझ्यासाठी. मग दर रविवारी माझ्याकडे बघत चालवली असतीस. ते नको होतं मला." मास्तरांनी उशी पोटाशी ओढली. "पण फोन करशील असं वाटलं होतं."

"मलाही वाटलं होतं."

त्यानं आपला कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. दोन वर्षं हा माणूस चार गल्ल्यांवर खिडकीशी बसून होता. आणि आपण फुगून बसलो. लहान मुलासारखे.

"मास्तर, मागे बसता का? सावकाश जाऊ."

मास्तर हसले. "मागे बसून दिसणार काय मला? तुझं हेल्मेट! नको रे. मी पुढे बसणारा माणूस." मग आवाज एकदम गणिताचा केला. "मधला घे. मधोमध टणक, कडांना मऊ. रोजच्या रस्त्याला टिकेल, आणि घाटाला दगा देणार नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची. पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून, नवा टायर गुळगुळीत असतो. एकदम आडवा झालास तर बसशील मातीत. आणि निघालास की वहिनीला कळवायचं. पोचलास की कळवायचं. न कळवलंस तर ती पोलिसांत जाईल, मी सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. "मधला द्या," म्हणाला, आणि मग खाली बघून, "त्या दिवशी चुकून सांगितलं. मागे कुणी बसत नाही."

"ठाऊक आहे," बाई म्हणाली. "मागे बसणाऱ्यानं पाय ठेवायच्या पायऱ्यांचं रबर नवंकोरं आहे. हवा एकट्याच्या हिशेबानं भरते." तिनं टायरवरच्या बाणाची दिशा बघून ते चढवले, चाकांचा तोल साधला, साखळी सरळ केली. त्याला लाजवलं नाही, की कीवही केली नाही. तेवढ्यानंच त्याला बरं वाटलं.

रविवारी सहाला पेट्रोल पंपावर तो एकटाच होता. वहिनींना 'निघालो' असं पाठवलं आणि चढायला लागला. सातव्या वळणावरची खडी कधीच कुणीतरी झाडून नेली होती. तो हळूहळू, प्रत्येक वळणाला गाडी थोडी जास्त कलवत गेला. टायरच्या कडा एकेक करून रस्त्याला लागत होत्या. चौदाव्या वळणाला खांदे सैल पडले. पंचविसाव्याला त्याला आपण हेल्मेटच्या आत मोठ्यानं बोलतोय हे ऐकू आलं. मास्तरांना सांगत होता, हे बघा, आता डावीकडे.

टपरीवर चहा सांगून त्यानं फोन लावला. वहिनींनी तो मास्तरांच्या कानाशी धरला असावा. श्वास ऐकू येत होता.

"टायर कसे आहेत?"

"सरळ रस्त्यावर काही कळत नाही. वळणात एकदम मऊ. शिरतात आणि धरून राहतात."

"नवव्या वळणावरचं ते मोठं झाड?"

"तोडलं, मास्तर."

मग मास्तर म्हणाले, "म्हणजे आता दहावं लांबूनच दिसत असेल."

"दिसतं."

"मग तिथे आधी ब्रेक लावायची गरज नाही. पुढच्या खेपेला बघ. आता पहिल्यापासून सांग, एकही वळण गाळू नकोस."

त्यानं सांगितलं. चहा गार झाला. परतल्यावर 'पोचलो' असं पाठवलं, आणि तिसरा मजला चढून कुलूप उघडलं. घर होतं तसंच होतं.

पुढे ते चालू राहिलं. थंडी सुरू होईपर्यंत मास्तरांचा आवाज बारीक होत गेला. मधूनच शब्द अडकायचा आणि तो पूर्ण होईपर्यंत लिफ्टवाला थांबायचा. एखाद्या रविवारी फोन वहिनीच घ्यायच्या, हळू आवाजात म्हणायच्या, "आत्ताच डोळा लागलाय हो. पहाटेपासून जागे होते, तुमची वाट बघत."

अशाच एका रविवारी टपरीवाल्यानं विचारलं, "आज लवकर आटोपला फोन?"

"झोपलेत ते."

"कोण? वडील?"

"नाही. आमच्यातले एक." त्यानं चहा संपवला, ग्लास फळीवर ठेवला. धरणाच्या पाण्यावरून वारा येत होता आणि रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं. हेल्मेट घालून तो घाट उतरायला लागला. उतरताना एकेक वळण नीट ध्यानात ठेवत होता. संध्याकाळी चार गल्ल्या चालून जाऊन सांगायचं होतं.